कुठलं सॉरी

ॲथलोन,
आयर्लंड, २९ जानेवारी २०२४

प्रिय प्रभा,

फोनवर आपलं काही होत नाही. तू ‘जेवलात का’ विचारतेस, मी ‘हो’ म्हणतो, आणि मग दोघंही नुसते फोन धरून बसतो. म्हणून लिहायला घेतलं. लिहून झालं की पानांचे फोटो काढून तुला पाठवीन. तूही लिही. खुब्याचं ऑपरेशन ताजं आहे, बसवत नसेल तर पडून लिही. बाईंचं अक्षर बिघडलं म्हणून मी मार्क कापणार नाही.

श्रेयसचं सगळं नीट झालं. आपल्या एकुलत्या एका मुलाला शेवटचं बघायला तुला मिळालं नाही, म्हणून मी जे पाहिलं ते तुला सांगायला हवं. या गावात दहनाची सोय नाही, बरंच लांब जावं लागलं. त्याच्या ऑफिसातल्या मराठी मुलांनी मंत्र म्हटले, एकानं मोबाईलवर बघून, पण मनापासून म्हटले. ज्ञानदा नवऱ्याला निरोप देताना शेवटपर्यंत ताठ उभी होती. ईशानीला नेलं नाही, ती शेजाऱ्यांकडे होती. सात वर्षांच्या पोरीला बापाचं काय काय दाखवायचं?

मला विचारायचं आहे ते वेगळंच. आदल्या दिवशी श्रेयसला अंत्यदर्शनासाठी इथल्या एका फ्युनरल होममध्ये ठेवलं होतं. मला वाटलं, पंधरावीस माणसं येतील. प्रभा, रांग पार बाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. त्याच्या ऑफिसातले, ईशानीच्या शाळेतले, दुकानदार, ज्यांनी त्याला फक्त रस्त्यानं चालताना पाहिलं असेल असेही. मी आणि ज्ञानदा खुर्चीवर बसलेलो. प्रत्येक जण यायचा, माझा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचा, “सॉरी फॉर युअर ट्रबल.” सगळे तेच. बायका, पुरुष, शाळेतली पोरं.

ट्रबल? मुलगा गेला त्याला ट्रबल म्हणायचं? आणि सॉरी कशाबद्दल? आपण सॉरी केव्हा म्हणतो? दुसऱ्याच्या पायावर पाय पडला की. तुला आठवत असेल, मी वीज मंडळात असताना एक वायरमन खांबावर शॉक लागून गेला. साहेब लोक त्याच्या घरी गेले, डोकं खाली घालून बसले, पण ‘चुकलं’ असं एकाच्याही तोंडून निघालं नाही, कारण तसं म्हटलं की कबुली होते. इथे तर सगळं गाव कबुली देत होतं. मग माझ्या मनात यायला लागलं, यांनी केलंय तरी काय? काय लपवताहेत? मला एवढंच सांगितलं आहे की संध्याकाळी अंधारात चालत असताना गाडीनं धडक दिली आणि पोलीस चौकशी करताहेत.

एक माणूस होता, माझ्याच वयाचा. टोपी काखेत धरलेली. त्याचा हात खरखरीत आणि बर्फासारखा गार. त्यानं ते वाक्य एकदा म्हटलं, पुढे सरकला, परत वळला आणि पुन्हा माझा हात धरून “सॉरी” म्हणाला. श्रेयसकडे त्यानं पाहिलंच नाही. तो माणूस माझ्या डोक्यातून जात नाही.

मी ठरवलं आहे, ज्ञानदाला आणि ईशानीला घेऊनच नागपूरला येणार. या गावात त्यांना ठेवायचं नाही. ज्ञानदाला सांगितलं, ती ईशानीचं दप्तर भरायला उठली.

तुझा,
गिरीश


नागपूर,
३० जानेवारी

अहो,

वृंदाला माळ्यावरून मोठी डिक्शनरी काढायला लावली. बहीण माझी सेवा करायला आली आणि तिला धूळ खायला मिळाली. पण शब्द शोधत होते तेवढा वेळ मी बरी होते.

आता ऐका. सॉरी हा शब्द मुळात चुकीचा नाही, म्हणजे चूक करण्याचा नाही. इंग्रजीत ‘सोअर’ म्हणतात ना, सोअर थ्रोट, दुखरा घसा? त्या सोअरपासून सॉरी आला. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो ‘सारिग’ होता. अर्थ काय, तर ज्याला दुखतंय तो, जखमेसारखं हुळहुळतंय तो. मी शाळेत सगळी वर्षं मुलींना सांगत आले की सॉरी आणि सॉरो हे सख्खे भाऊ. चूक. त्यांचं काही नातं नाही. सॉरो वेगळ्या घरातून आला, दोघं शेजारी राहून राहून एकमेकांसारखे दिसायला लागले, एवढंच. माफी मागायला हा शब्द पुष्कळ नंतर वापरायला लागले. आणि नुसतं ‘सॉरी’ म्हणून मोकळं होणं तर अगदी अलीकडचं, दोनेकशे वर्षांतलं.

आणि ट्रबल म्हणजे तिथे मृत्यूच. त्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही म्हणून ट्रबल. आपण नाही का ‘त्यांच्याकडे वाईट झालं’ म्हणत?

तेव्हा ती माणसं कबुली देत नव्हती. तुमच्या दुःखानं आम्हाला दुखतंय, एवढंच सांगत होती. तो टोपीवाला कोणी म्हातारा असेल, त्याला त्याचं कोणी गेलेलं आठवलं असेल. उगाच संशय घेऊ नका. तुमचं बीपी वाढतं.

त्या दोघींना घेऊन येण्याचं मात्र बघा. श्रेयसची खोली वृंदानं झाडून ठेवली आहे.

तुमची,
प्रभा


ॲथलोन,
५ फेब्रुवारी

प्रिय प्रभा,

तुझं पत्र वाचून खरंच शांत वाटलं होतं. काल ईशानीला विचारलं, तुला शाळेत आयरिश भाषा शिकवतात, त्यात सॉरीला काय म्हणतात? तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. म्हणाली, “ता ब्रोन ओरम, आजोबा.” म्हटलं, म्हणजे? “सॅडनेस इज ऑन मी.” दुःख माझ्यावर आहे. आणि रेनकोट घालावा तसे दोन्ही हात खांद्यांवरून खाली आणून दाखवले. म्हणजे तू म्हणालीस तेच झालं. मला वाटलं, बाई बरोबर बोलल्या, आपणच खुळे.

आज सकाळी ज्ञानदा भांडी लावत होती, तेव्हा तिला हे सगळं सांगितलं. टोपीवाल्याचंही सांगितलं. तुझ्या सासूबाई म्हणतात तो बिचारा कोणी म्हातारा असेल, त्याला त्याचं माणूस आठवलं असेल, असं म्हणालो. तिच्या हातातली ताटली तशीच राहिली.

“बाबा, ते नोएल होते.”

“कोण नोएल?”

“गाडी त्यांची होती.”

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, श्रेयसला ज्या गाडीतून नेलं ती गाडी. मग कळलं.

हा नोएल ट्रॅक्टर आणि शेतीची यंत्रं दुरुस्त करतो. दारू प्यालेला नव्हता, वेगात नव्हता, असं गार्डांचं म्हणणं आहे. इथे पोलिसांना गार्ड म्हणतात. पुढे सरकारी सुनावणी व्हायची आहे. त्यानं गार्डांकडून ज्ञानदाला विचारलं होतं, मी रांगेत आलो तर चालेल का. ती हो म्हणाली.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही हात पुढे केला नसतात, बाबा.”

प्रभा, मी त्याचा हात धरला होता. दोनदा.

गिरीश


नागपूर,
६ फेब्रुवारी

अहो,

तिनं परवानगी दिली? कोणाला विचारून? ती बायको आहे, मान्य. मी सदतीस वर्षं त्याची आई आहे. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, त्या माणसाला माझ्या मुलाच्या आसपास फिरकू देऊ नका.

आणि मी तुम्हाला काय लिहीत बसले? हजार वर्षांपूर्वी कुठला शब्द काय होता ते. वर शहाणपणा केला, कोणी म्हातारा असेल म्हणून. माझी मलाच लाज वाटते आहे.

हुशार आहे हो तो माणूस. सगळं गाव जे वाक्य म्हणतं तेच तोही म्हणाला. उद्या कोणी विचारलं, तर मी काय कबूल केलं, सगळे म्हणतात ते म्हणालो. एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये लपून तो आला आणि गेला. आणि आपण त्याला बिचारा म्हणालो.

त्याला विचारा. माझं नाव सांगून विचारा, कुठलं सॉरी म्हणालास? दुखतंय ते की चुकलं ते? मला उत्तर हवंय.

ज्ञानदाशी मी बोलणार नाही. सध्या तरी नाही.

प्रभा


ॲथलोन,
१४ फेब्रुवारी

प्रिय प्रभा,

आठवडाभर लिहिलं नाही. तू वृंदाकरवी फोन केलास, तो घेतला नाही. मी बरा आहे.

तुझं पत्र ज्ञानदाला वाचायला दिलं. चुकलं असेल तर चुकलं. तिनं वाचलं आणि म्हणाली, “आईंचं बरोबर आहे. विचारायला हवं होतं.” मग फोन परत देत म्हणाली, “बाबा, मला नागपूरला यायचं नाही.”

मी समजावलं. इथे कोण आहे तुझं? ती म्हणाली, “तिथे मी आयुष्यभर बिचारी राहीन. इथे लोक सॉरी म्हणतात आणि कामाला लागतात. पलीकडच्या घरातले कोणीतरी आमचे कचऱ्याचे डबे बाहेर काढून ठेवतात. ईशानीला शाळेत सोडतात. कोणी मला कसं झालं, काय झालं असं विचारत नाही.” आणि मग प्रभा, ती रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला तिच्याशी भांडता आलं नाही.

नोएलला विचारायचं म्हणशील तर ते होणार नाही. सुनावणी होईपर्यंत आमच्याशी एक अक्षर बोलायचं नाही, असं त्याच्या वकिलानं त्याला सांगितलं आहे. सॉरी तर मुळीच म्हणायचं नाही. बघ, वीज मंडळ काय आणि आयर्लंड काय.

मी रोज त्या रस्त्यापर्यंत चालत जातो. दोन्ही बाजूंना उंच कुंपणाची झाडं, फुटपाथ नाही, पुढे वळण. श्रेयसनं काळं जॅकेट घातलं होतं. हे तुला सांगणार नव्हतो.

गिरीश


नागपूर,
१५ फेब्रुवारी

अहो,

काळं जॅकेट मीच घेऊन दिलं होतं, मागच्या दिवाळीत आला तेव्हा. सीताबर्डीतून. तुम्हाला माहीत होतं, म्हणून सांगणार नव्हतात. कळलं मला.

वकिलानं नको सांगितलं असेल तर नका विचारू. पण त्या माणसाला एकदा बघून या. श्रेयसला शेवटी मी पाहिलं नाही, तुम्हीही जिवंत पाहिलं नाही. त्यानं पाहिलं. मला तो माणूस कसा आहे ते सांगा.

प्रभा


ॲथलोन,
२५ फेब्रुवारी

प्रिय प्रभा,

काल जाऊन आलो. ज्ञानदानं गाडीनं सोडलं, ती आत आली नाही. घर जुनं, मागे पत्र्याची शेड, तिथे एक उघडलेला ट्रॅक्टर. बायकोनं दार उघडलं, मला ओळखलं आणि तोंडावर हात ठेवला. नोएल स्वयंपाकघरात बसला होता. दाढी वाढलेली. हाताची नखं ऑइलनं काळी असतील असं वाटलं होतं, पण हात अगदी स्वच्छ होते. ट्रॅक्टरला तेव्हापासून हात लावला नाही म्हणे. गाडी तर चालवतच नाही.

त्यांचं बोलणं मला निम्मं कळत होतं. जसं कळलं तसं मराठीत लिहितो.

तो म्हणाला, “मला तुमच्याशी बोलायची परवानगी नाही.”

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, “मी कोणाला सांगणार नाही. माझी बायको इंग्रजीची टीचर आहे. तिचा एकच प्रश्न आहे. त्या दिवशी रांगेत तुम्ही दोनदा सॉरी म्हणालात. कुठलं सॉरी?”

बायको पटकन म्हणाली, “नोएल, नको.” त्यानं तिचा हात बाजूला केला.

मग म्हणाला, “पहिलं सगळे म्हणतात ते. दुसरं माझं.”

तू मुलींना शिकवायचीस ना, कोणी सॉरी म्हटलं की ‘इट्स ऑल राइट’ म्हणायचं? मी तसं काही म्हटलं नाही. त्यालाही ती अपेक्षा नव्हती. त्याच्या बायकोनं माझ्यापुढे चहा ठेवला, तो मला पिता आला नाही.

मी उठणार होतो. तेवढ्यात तो आपणहून बोलायला लागला. समोरून एक गाडी आली, तिचे दिवे डोळ्यांवर आले, तिला जागा द्यायला तो कडेला सरकला आणि धडक बसली. त्याला वाटलं वासरू आलं. उतरून बघितलं तर माणूस. त्यानं स्वतःचा कोट काढून श्रेयसला पांघरला आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन ॲम्ब्युलन्स येईपर्यंत रस्त्यावर बसून राहिला. श्रेयस शुद्धीत होता, प्रभा. थोडा वेळ होता. हे आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मग नोएल म्हणाला, “एक गोष्ट मला झोपू देत नाही. तो काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता. ‘आय’ असं सुरू करायचा आणि थांबायचा. पुन्हा ‘आय’, पुन्हा थांबायचा. मी त्याला म्हणालो, घाई नको, सावकाश सांग, मी इथेच आहे. पण पुढचं आलंच नाही. बायकोला निरोप असेल, मुलीला असेल. मी नीट ऐकलं असतं तर कळलं असतं. मी तुमच्याकडून तेही घेतलं.”

इंग्रजीत ‘आय’ म्हणजे ‘मी’. त्याला वाटतं, मी म्हणून सुरू झालेलं वाक्य अर्धं राहिलं.

श्रेयस तेव्हा इंग्रजी बोलत नव्हता, प्रभा.

मला लगेच कळलं. मी टेबलाची कड धरली. त्या बाईला वाटलं मला चक्कर आली, तिनं पाणी आणलं. मी नोएलला काही सांगितलं नाही. ज्ञानदालाही गाडीत बसल्यावर सांगितलं नाही. तुझ्याआधी दुसऱ्या कोणाला कसं सांगू? लिहावं की नाही, याचा दिवसभर विचार केला. पण ते तुझं आहे, मी ठेवून घ्यायला कोण.

वृंदा जवळ असताना वाच.

गिरीश


नागपूर,
२६ फेब्रुवारी

अहो,

वृंदा जवळच होती. चष्मा सापडत नव्हता म्हणून तीच वाचून दाखवत होती. त्या जागी आली आणि थांबली. मी म्हटलं, वाच. तिनं वाचलं. मग मी इतकी मोठ्यानं रडले की खालच्या मजल्यावरचे वर आले. तो गेल्यापासून मी रडले नव्हते. तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण मला भीती वाटायला लागली होती की माझ्यात काहीतरी मोडलं आहे.

श्रेयस लहान असताना त्याला ताप आला की तो असंच करायचा. तुम्ही दौऱ्यावर असायचात, तुम्हाला माहीत नसेल. पडल्या पडल्या ‘आई’ म्हणायचा. मी जवळ जाऊन विचारायची, काय रे, पाणी हवंय? डोकं चेपू? काही बोलायचा नाही. थोड्या वेळानं पुन्हा ‘आई’. पहिल्या पहिल्यांदा मी चिडायची, अरे पुढे बोल की. मग कळलं, त्याला पुढे काही बोलायचंच नसतं.

ज्ञानदाला सांगा. मी तिच्याशी उद्या बोलेन, तिनं फोन जवळ ठेवावा. तिला तिथे राहायचं असेल तर राहू द्या. आपण म्हाताऱ्यांनी तिला इथे आणून तिच्याकडे बघत बसायचं, हे काही खरं नाही. श्रेयसची खोली वृंदा वापरेल. माझा खुबा सुधारला की ईशानीला बघायला मी तिकडे येईन. तुम्ही मात्र आता परत या. मला एकटीला हे जड जातं आहे.

आणि नोएलकडे परत जा. या वेळी ज्ञानदाला आत घेऊन जा, तुमचं इंग्रजी नेमकं अशा वेळी अडतं. मी त्याला क्षमा केलेली नाही. करीन की नाही, माहीत नाही. तसं त्याला खोटं सांगू नका. पण माझ्या मुलाचं शेवटचं बोलणं कोणी अर्धवट समजावं आणि उरलेलं शोधत बसावं, हे मला सहन होणार नाही. श्रेयस त्याच्या मांडीवर होता, हा माणूस जागचा हलला नाही, त्यानं ते ऐकलं. मग ते त्याला पुरतं कळू द्या.

आमच्या भाषेत आईला काय म्हणतात, ते त्याला सांगा. निरोप हरवलेला नाही म्हणावं. जिच्यासाठी होता तिला मिळाला. आणि त्या शब्दापुढे काही नव्हतं. श्रेयसला एवढंच म्हणायचं होतं.

तुमची,
प्रभा